बाद कसा झाला, तो रकाना भरा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
वरिष्ठ राष्ट्रीय निवड समिती,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई.

बेळगाव, १ डिसेंबर २०२५

स.न.वि.वि.

काल रांचीत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात विराटने १३५ ठोकल्या, भारत १७ धावांनी जिंकला आणि आमच्या वडगावातल्या चहाच्या टपरीवर गुवाहाटीचं नाव निघायचं बंद झालं. परवापर्यंत जे लोक तुमच्या नावाने बोटं मोडत होते ते आज सकाळी विराटचे षटकार मोजत होते. तुमचं फावलं म्हणायचं. माझं काही फावलं नाही. बुधवारी गुवाहाटीच्या कसोटीत आपण दक्षिण आफ्रिकेकडून, घरच्या मैदानावर ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशोबात भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा कसोटी पराभव. याआधीचा ३४२ धावांचा, २००४ सालचा, नागपूरचा. तोही माझ्याच हाताने लिहिलेला आहे. एकवीस वर्षं त्या पानाला लाल कागदाची खूण होती, ती परवा काढून नव्या पानाला लावली.

पत्र मराठीत लिहितोय. अध्यक्ष आगरकर शिवाजी पार्कवर वाढलेले, त्यांना कोणी वाचून दाखवायची गरज नाही. बाकी सदस्यांना त्यांनी मतलब सांगावा. शिवाय निवेदन म्हटलं की आमचा हात मराठीतच चालतो. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्या तीन पिढ्या निवेदनं देत आल्यात. कलेक्टरना, मंत्र्यांना, थेट दिल्लीला. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. पुढच्या आठवड्यात इथल्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतंय, म्हणजे आणखी थोडे कागद टाइप होणार. तेव्हा उत्तर न देणाऱ्या मंडळींचा आम्हाला सराव आहे. तुम्ही त्यात नवीन भर, इतकंच.

मी कोण, ते सांगतो. वय ६१. वडगावात चार यंत्रमाग आहेत, त्यावर पोट चालतं. आणि १९८४ पासून स्कोअरर. लेले मैदान, युनियन जिमखाना, व्हॅक्सिन डेपो, सरदार्स हायस्कूलचं मैदान, जिथे सीझन बॉलवर सामना असेल आणि बोलावणं येईल तिथे वही घेऊन गेलो. मिळकत म्हणजे दोन चहा, एक वडापाव आणि आयोजक खूश असले तर पाकीट. टीव्हीवर कसोटी असली की तीही लिहितो. बायको म्हणते, यांच्या वह्या विकल्या तर एक माग येईल. रद्दीवाला म्हणतो, नाही येणार.

स्कोअरबुकात प्रत्येक फलंदाजाच्या नावापुढे एक रकाना असतो: बाद कसा झाला. झेल, त्रिफळा, पायचीत, धावबाद, आणि गोलंदाज कोण. कितीही फालतू सामना असो, अकरावा गडी पहिल्याच चेंडूवर गेला असो, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. ठेवला तर दुसऱ्या संघाचा स्कोअरर सही करत नाही. तुम्ही माणसं बाद करता आणि नेमका तोच रकाना कोरा सोडता. माझी सगळी तक्रार एवढ्यात येते. पुढचं सगळं त्याचेच दाखले आहेत.

हे मला इतकं का लागतं, त्याला एक जुनं कारण आहे. १९८२ साली मी ऑफ-स्पिन टाकायचो. एका निवड चाचणीला परगावी गेलो होतो. मिरज-लोंढा लाइन तेव्हा मीटरगेज, गाडीत बसायला जागा नाही, किटबॅगवर बसून गेलो. दोन दिवस गोलंदाजी केली. तिसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली, त्यात नाव नव्हतं. एका साहेबांना विचारलं, माझं काय चुकलं? ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी काही प्रसन्ना नव्हतो, हे मलाही ठाऊक आहे. पण चेंडू आखूड पडत होता, की उंची कमी पडत होती, की क्षेत्ररक्षण कच्चं होतं, हे कळलं असतं तर एक तर सुधारलो असतो, नाही तर त्याच दिवशी मागावर बसलो असतो. त्या 'बघू' मध्ये माझी चार वर्षं गेली. सांगणाऱ्याला एक मिनिट पुरलं असतं.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली तक्रार अभिमन्यू ईश्वरनची. तुम्ही म्हणाल बंगालच्या सलामीवीराशी बेळगावच्या विणकराचा काय संबंध. आहे. २०१९ च्या मे महिन्यात आमच्या ऑटोनगरच्या स्टेडियमवर भारत अ विरुद्ध श्रीलंका अ असा चार दिवसांचा सामना झाला. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी पाण्याची बाटली, छत्री आणि वही घेऊन बसलो होतो. ईश्वरनने २३३ केल्या, प्रियांक पांचालने १६०. ५ बाद ६२२ वर डाव सोडला आणि सामना डावाने जिंकला. माझ्या वहीत त्या दिवशी ठिपके जास्त आणि खाडाखोड शून्य. शेजारी बसलेला कॉलेजचा पोरगा म्हणाला, "हा तर टेस्टला जाणारच की." मी पण मान हलवली. त्यानंतर काही दिवसांनी त्याच मैदानावर ऋतुराज गायकवाडने पन्नास षटकांच्या सामन्यात नाबाद १८७ केल्या, तो वेगळा विषय.

साडेसहा वर्षं झाली. पांचाल या मे महिन्यात एकही कसोटी न खेळता निवृत्त झाला. ईश्वरनच्या नावावर प्रथम श्रेणीत साडेसात हजारांवर धावा आहेत. बांगलादेशला नेलात, ऑस्ट्रेलियाला नेलात, इंग्लंडला पाच कसोटींच्या दौऱ्यावर नेलात. एकदाही अकरात नाही. आणि ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीज इथे आले तेव्हा तो संघातच नाही. जो माणूस खेळलाच नाही तो अपयशी ठरला कधी? पाण्याच्या बाटल्या नीट पोचवल्या नाहीत का त्याने? सीमारेषेबाहेर उभं राहून आत चाललेला खेळ बघणं काय असतं, ते कधी बेळगावात येऊन विचारा. आत घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा, पण बाहेर का ठेवलंय ते सांगा, ही आमचीही जुनी मागणी आहे.

दुसरी तक्रार करुण नायरची. इथे मला आमच्या अण्णांना मध्ये आणावं लागेल. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले दुसरे मागवाले. घरी कन्नड, दुकानात मराठी, चिडले की दोन्ही. त्यांचं दैवत विश्वनाथ, आमच्या वडिलांचं गावसकर. १९७३-७४ च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईची पंधरा वर्षांची सद्दी मोडली, तेव्हा अण्णांच्या वडिलांनी गल्लीत कुंदा वाटला आणि आमच्या वडिलांनी तो घेतला नाही, अशी कथा आहे. (विशी, म्हणजे विश्वनाथ, गावसकरांचा मेहुणा झाला. त्यांनी सीमाप्रश्न घरातल्या घरात मिटवला, आमचा राहिला.) तर सांगायचं काय, अण्णांचं आणि माझं एकाच खेळाडूवर एकमत झालंय असं सहसा होत नाही. करुणवर झालं. कर्नाटकाने सोडला, विदर्भाने घेतला, तिथे गेल्या हंगामात ८६३ धावा करून रणजी करंडक नागपूरला आणला, अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. यंदा परत कर्नाटकात. म्हणजे आता तो दोघांचाही.

त्याचं खातं असं. डिसेंबर २०१६, चेन्नई, इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. पुढच्या कसोटीत बाहेर, कारण रहाणे बरा होऊन आला. तिथे निदान कारण दिसतं तरी. २०१८ साली इंग्लंडच्या दौऱ्यात पूर्णवेळ बसवून ठेवला आणि ओव्हलला मागाहून बोलावलेल्या हनुमा विहारीला खेळवलं. तेव्हा समितीत तुम्ही नव्हता, मान्य. खुर्च्या त्याच होत्या. मग त्याच्या शेवटच्या कसोटीनंतर आठ वर्षांनी, या उन्हाळ्यात, तुम्ही त्याला परत आणलात. त्याबद्दल मी तुमचे जाहीर आभार मानतो, आणि हे उपरोधाने म्हणत नाही. लीड्स ० आणि २०, एजबॅस्टन ३१ आणि २६, लॉर्ड्स ४० आणि १४, ओव्हल ५७ आणि १७. आठ डावांत २०५. कमी आहेत, त्याचा मी वकील नाही. ओव्हलच्या हिरव्या खेळपट्टीवरच्या त्या ५७ नसत्या तर आपण सहा धावांनी जिंकलोच नसतो, पण ते असू दे. त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती असं अध्यक्षांनी सांगितलं. ठीक. मग तो परत रणजीत गेला, शिवमोग्याला गोव्याविरुद्ध नाबाद १७४, लगेच केरळविरुद्ध २३३. हे सगळं कोलकात्याच्या कसोटीआधी. तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी त्याला सांगितलं का, की बाबा, आणखी किती?

सांगितलं असेल तर माझे शब्द मागे घेतो. पण मग आम्हालाही सांगा. नाही तर दर रणजी हंगामात शेकडो पोरं चार-चार दिवस उन्हात उभी राहतात ती कशासाठी, याचं उत्तर मला मैदानावर देता येत नाही. पोरं मलाच विचारतात. स्कोअरर म्हणजे त्यांना मंडळाचा माणूस वाटतो.

तिसरी तक्रार तिसऱ्या क्रमांकाची. पुजारा जून २०२३ नंतर कसोटी खेळला नाही. १०३ कसोटी, ७१९५ धावा. त्याच्या जागी कोण, हे अजून ठरलेलं नाही. निव्वळ या सहा महिन्यांचं माझं पान बघा: लीड्सला साई सुदर्शन, एजबॅस्टन आणि लॉर्ड्सला करुण, मँचेस्टर आणि ओव्हलला परत सुदर्शन. दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध सुदर्शनने ८७ आणि ३९ केल्या. वाटलं, मिळाला. पुढची कसोटी कोलकाता, सुदर्शन बाहेर आणि तिसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टन सुंदर! त्याने २९ आणि ३१ केल्या. दुसऱ्या डावात संघात सगळ्यात जास्त त्याच्याच. बक्षीस म्हणून गुवाहाटीत त्याला आठव्या क्रमांकावर पाठवलं. तिथेही ४८ केल्या बिचाऱ्याने. आणि सुदर्शन परत तिसऱ्यावर, चुळबुळत. दुसऱ्या डावात १३९ चेंडू खेळून १४. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आज आत, उद्या बाहेर असं चाललेला पोरगा बॅट अशीच घट्ट धरणार. देवदत्त पडिक्कल त्या वेळी कुठे होता? संघात होता. बाकावर.

आमच्या धंद्यात ताणा एकदा मागावर चढवला की तो साडी संपेपर्यंत हलवत नाहीत. बुट्टी, पदर काय ते आडव्या धाग्यात बदला. तुम्ही उभे धागेच रोज बदलताय.

चौथी तक्रार अष्टपैलूंची, आणि कोलकात्याचीही. तिथे चार फिरकी गोलंदाज खेळले. अकरात सहा डावखुरे फलंदाज. समोर सायमन हार्मर, ऑफ-स्पिनर. मी स्वतः ऑफ-स्पिन टाकलाय म्हणून सांगतो, डावखुऱ्यांची अशी रांग आणि पहिल्या दिवसापासून वळणारी खेळपट्टी म्हणजे वाढलेलं ताट. त्याने आठ बळी घेतले, गुवाहाटीत आणखी नऊ. कोलकात्यात जिंकायला आपल्याला १२४ धावा हव्या होत्या. गिल मान धरून इस्पितळात, म्हणजे नऊच बाद करायचे, तेही ९३ त झाले. सगळ्या सामन्यात पन्नाशी एकाच माणसाची, त्यांच्या कर्णधाराची, बवुमाची. तो चेंडू खाली खेळत होता, उशिरा खेळत होता, बास. आपल्याकडे तसं खेळणारं कोणी नव्हतं, कारण तसं खेळणाऱ्याला आपण 'एकच काम येतं' म्हणून घरी बसवलंय.

न्यूझीलंडने गेल्या वर्षी हेच दाखवलं होतं. बंगळुरूत ४६ सर्वबाद, पुण्यात सँटनरचे १३ बळी, वानखेडेवर १४७ चा पाठलाग १२१ वर संपला. तीन-शून्य. बारा वर्षांत घरची एकही मालिका हरलो नव्हतो, ती परंपरा तिथे संपली. त्यानंतर वर्षभरात आपण काय शिकलो, तर चौथा फिरकीपटू घ्यायचा. गुवाहाटीत जमिनीने जरा दया केली, तर नितीश रेड्डीला अष्टपैलू म्हणून घेतलं आणि गोलंदाजीला जेमतेम बोलावलं. धावा १० आणि ०. त्याच खेळपट्टीवर कुलदीप यादव १३४ चेंडू उभा राहिला. नवव्या क्रमांकावरचा माणूस. वही लिहिताना मी दोनदा खोडून नाव बघितलं. (त्या सामन्यात चहा आधी आणि जेवण नंतर होतं, तेवढी एक गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना आवडली.)

तुम्ही म्हणाल, अकरा आम्ही निवडत नाही, ते कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. खरं आहे. पण पंधरा जणांत चार-पाच अष्टपैलू घातलेत की अकरात ते येणारच. भाजीवाला जे आणतो तेच शिजतं. आणि खेळपट्टी आम्हाला हवी तशीच मिळाली असं प्रशिक्षक सांगतात, तेव्हा त्या खेळपट्टीवर टिकणारे सहा फलंदाज पुरवणं कोणाचं काम?

अन्यायाच्या जुन्या गोष्टी मला माहीत आहेत. इथून जवळच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर असताना समोरचा संघ मैदान सोडून गेला. एकही कसोटी मिळाली नाही. पद्माकर शिवलकर, ५८९ बळी, नाही. राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, नाही. त्यांच्या काळी त्यांच्यासारखीच डावखुरी फिरकी टाकणारे बेदी होते, कारण उघड्या डोळ्यांना दिसत होतं. अमोल मुझुमदार, अकरा हजारांवर धावा, नाही. महिन्यापूर्वी त्याच माणसाने प्रशिक्षक म्हणून आपल्या मुलींना नवी मुंबईत विश्वचषक जिंकून दिला. आणि तुमच्या समितीतले प्रग्यान ओझा. सचिनची शेवटची कसोटी, वानखेडे, नोव्हेंबर २०१३. दोन्ही डावांत पाच-पाच बळी, सामनावीर. त्यानंतर एकही कसोटी नाही. ओझासाहेब, बाकीच्यांचं राहू द्या, तुम्ही तरी माझं म्हणणं समजून घ्याल असं वाटतं.

सगळं वाईटच केलंत असं नाही. गिलला कर्णधार करायला धाडस लागलं, त्याने इंग्लंडमध्ये ७५४ धावा केल्या, मालिका दोन-दोन सोडवली. अश्विन, रोहित, विराट एकामागून एक कसोटीतून गेले, त्यात घडी बसायला वेळ लागतो हेही समजतं. वेळ घ्या. आमच्याएवढा धीर कोणाकडे नसेल. पण धीर धरणाऱ्याला काय चाललंय ते कळायला हवं.

म्हणून मागण्या. थोड्याच आहेत.

संघ जाहीर कराल तेव्हा वगळलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा. फॉर्म, दुखापत, वय, तंत्र, जे असेल ते. आणि ती ओळ टीव्हीवर येण्याआधी त्या माणसाला फोनवर सांगा.

तिसऱ्या क्रमांकासाठी एक नाव ठरवा आणि त्याला सलग पाच कसोटी द्या. सुदर्शन असो, पडिक्कल असो, करुण असो, माझा हट्ट नाही. शून्यावर गेला तरी द्या.

मायदेशातल्या कसोटीत सहा फलंदाज फलंदाज म्हणून निवडा.

रणजीतल्या धावा मोजता की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा. मोजत नसाल तरी चालेल. मी पोरांना सांगेन, दुसरा मार्ग धरा. ईश्वरनला एक तर खेळवा, नाही तर त्याला बोलावून समोर बसवून सांगा.

शेवटची मागणी माझी स्वतःची. हंगामात एखादा सामना हुबळीला, शिवमोग्याला, बेळगावला येऊन चारही दिवस बघा. मुख्य स्टँडमध्ये नको, बाहेर पत्र्यावर. २०१९ ची वही जपून ठेवलीय, २३३ चा प्रत्येक चेंडू दाखवतो.

पोच नको. उत्तर हवं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक स्कोअरर,
वडगाव, बेळगाव

ता. क. हे पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "होगली बिडु, जाऊ दे सोडा ओ, कोण वाचतंय." तुम्ही उत्तर देणार नाही यावर त्यांनी अर्धा किलो कुंदा लावलाय. मी पैज घेतलीय.